कारखान्यापर्यंत न पोहोचलेली 'मीरा'

मोटारींच्या प्रदर्शनात काही गाड्या निव्वळ बघण्यासाठी मांडलेल्या असतात. त्यांना 'कन्सेप्ट कार' म्हणतात. लोक फोटो काढतात, कंपनीचे नाव होते आणि बहुतेक गाड्या पुढे गोदामात जातात. त्यांचे मला फारसे वाईट वाटत नाही. मोठ्या कंपनीला असे दहा नमुने करणे परवडते. ज्याने आयुष्यभर एकाच गाडीचा ध्यास घेतला, त्याच्या नमुन्याची गोष्ट मात्र वेगळी असते.

इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांची 'मीरा' ही अशीच एक गाडी. तरुण वाचकांपैकी अनेकांनी तिचे नावही ऐकले नसेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

शंकररावांकडे अभियांत्रिकीची पदवी नव्हती. १९४५ च्या सुमारास त्यांनी काम सुरू केले आणि १९४९ मध्ये पहिली दोन आसनी गाडी तयार केली. इचलकरंजी हे मागांचे गाव आणि शेजारचे कोल्हापूर ओतकाम व लेथच्या कारखान्यांचे. बिघडलेले यंत्र मुंबईला न पाठवता इथेच खटपट करून चालू करायचे, ही त्या भागाची रीतच. मीरा त्याच मातीत जन्मली. पुढे वीसेक वर्षे सुधारणा होत होत तिचे एकामागून एक नमुने तयार झाले. दोन सिलिंडरचे छोटे इंजिन मागच्या बाजूला होते, आणि पोलादी स्प्रिंगऐवजी धक्के झेलायला रबर वापरले होते. हे वाचून कुणाला हसू येईल, पण १९५९ साली इंग्लंडमध्ये आलेल्या आणि जगभर गाजलेल्या 'मिनी'तही रबरच होते! मीरा लिटरला वीस किलोमीटरच्या आसपास धावे आणि तिची किंमत बारा हजार रुपये ठेवण्याचा शंकररावांचा मानस होता.

मग अडले कुठे? तो काळ परवान्यांचा होता. १९५१ च्या उद्योग कायद्यानुसार कारखाना काढायचा, वाढवायचा, नवी वस्तू करायची तरी सरकारची मंजुरी लागे. मोटारी करणाऱ्या कंपन्या दोन-तीनच. गिऱ्हाईक पैसे भरून वर्षानुवर्षे फियाटची वाट पाही. छोटी, स्वस्त गाडी हवी हे सरकारलाही मान्य होते. त्यावर समित्या बसल्या, अहवाल आले, चर्चा झडल्या. पण देशात छोटी गाडी हवी यावर कागद रंगत होते, तेव्हा इचलकरंजीत एक छोटी गाडी प्रत्यक्ष चालत होती, हा योग मनाला फार लागतो.

१९७० मध्ये संजय गांधींना वर्षाला पन्नास हजार छोट्या मोटारींसाठी इरादापत्र मिळाले. गुडगावजवळ विस्तीर्ण जमीनही मिळाली. तरी ती गाडी बाजारात आली नाही आणि १९७८ मध्ये कंपनी गुंडाळली गेली. सरकारने नव्याने स्थापन केलेल्या मारुती उद्योगाने जपानच्या सुझुकीबरोबर गाडी आणली, ती डिसेंबर १९८३ मध्ये. मीराच्या पहिल्या नमुन्यानंतर तब्बल चौतीस वर्षांनी.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. एक गाडी करणे वेगळे आणि हजार गाड्या एकसारख्या करणे वेगळे. सुटे भाग, विक्री, दुरुस्ती, भांडवल, हे सगळे उभे करणे एकट्या माणसाच्या आवाक्याबाहेरचे असते. टाटांसारख्या बलाढ्य उद्योगाने २००९ मध्ये 'नॅनो' रस्त्यावर आणली. तिचेही इंजिन मागे आणि दोनच सिलिंडरचे. लाखाच्या गाडीचे जगभर कौतुक झाले, पण गिऱ्हाइकाने 'सर्वांत स्वस्त गाडी' म्हणून तिच्याकडे पाठ फिरवली आणि २०१८ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तेव्हा मीरा हमखास चाललीच असती असे छातीठोकपणे कोण सांगणार?

पण माझा मुद्दा यशाचा नाहीच. वर्गातल्या प्रत्येक मुलाचा पहिला नंबर येत नाही, पण प्रत्येकाला परीक्षेला बसू तर द्यावे लागते. संजय गांधींची मारुती परीक्षेला बसली आणि नापास झाली. नॅनो बसली, तिला बाजाराने नाकारले. त्यांचा निकाल तरी लागला. मीराला हॉल तिकीटच मिळाले नाही. बाजारात येऊन ती पडली असती, तर निदान तिच्या चुकांवरून पुढचा कुणी शिकला असता. न झालेल्या परीक्षेतून कोण काय शिकणार?

असो. आज एखाद्या तालुक्याच्या गावी कुणी पोरगा गॅरेजमध्ये विजेवर चालणारी गाडी करतो, वर्तमानपत्रात फोटो येतो, चार दिवस कौतुक होते. पाचव्या दिवशी त्याला विचारणारे कुणी असते का, हे मात्र बातमीत नसते.

कोल्हापूर-सांगलीकडच्या मंडळींपैकी कुणी मीरा प्रत्यक्ष पाहिली असेल, किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांकडून तिच्याविषयी ऐकले असेल, तर जरूर लिहा. अशा आठवणी माणसांबरोबर निघून जातात, त्या वेळीच टिपून ठेवलेल्या बऱ्या.