धारित्रातील प्रवाह, मिश्र वारंवारतेच्या मंडलातील
धारित्राला (कपॅसिटरला) एकाच वेळी अनेक वारंवारतांचा प्रत्यावर्ती दाब मिळत असताना त्यातून वाहणारा एकूण प्रवाह काढण्याची रीत. धारित्रातला प्रवाह दाबाच्या त्या क्षणाच्या मूल्यावर नव्हे, तर दाब किती वेगाने बदलतो त्यावर ठरतो; म्हणून जास्त वारंवारतेचा थोडासा दाबही मोठा प्रवाह खेचतो.

मराठवाड्यात लातूरच्या डाळमिल व तेलगिरण्या आणि नांदेडच्या जिनिंग कारखान्यांत मोटारींचा पॉवर फॅक्टर सुधारण्यासाठी धारित्रे बसवतात. मोटारीचा वेग बदलणारी व्हीएफडी यंत्रे त्याच रोहित्रावर असली, की ५० हर्ट्‌झच्या मूळ लहरीत २५० व ३५० हर्ट्‌झची, म्हणजे पाचवी व सातवी, हार्मोनिके मिसळतात.

रीत : प्रत्येक वारंवारतेचा प्रवाह स्वतंत्र काढावा. त्याचे सूत्र : प्रवाह = ६.२८३ × वारंवारता × धारिता × दाब. आलेल्या प्रवाहांची सरळ बेरीज करू नये. त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यावे. मिळते ते एकूण आरएमएस मूल्य.

उदाहरण : त्रिकोणी जोडणीतल्या एका शाखेचे धारित्र ५० मायक्रोफॅरडचे आणि मूळ दाब ४१५ व्होल्ट आहे. पाचवे हार्मोनिक मूळ दाबाच्या ५ टक्के (२०.७५ व्होल्ट) आणि सातवे ३ टक्के (१२.४५ व्होल्ट) आहे. तिन्हींचे प्रवाह अनुक्रमे ६.५२, १.६३ व १.३७ अँपिअर येतात. सरळ बेरीज ९.५२ होते, ती चूक. वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ ६.८६ अँपिअर, हे खरे उत्तर. दाबाचे आरएमएस मूल्य ४१५ वरून जेमतेम ४१५.७ व्होल्टवर जाते, तर प्रवाह ५ टक्क्यांनी वाढतो. म्हणून केवळ व्होल्टमीटर पाहून धारित्रावरचा ताण कळत नाही. प्रवाह मोजायलाही खरे आरएमएस दाखवणारा क्लॅम्प मीटर लागतो; सरासरीवर चालणारा साधा मीटर विकृत लहरीला फसतो.

अनुस्पंदन : रोहित्राचे प्रेरकत्व आणि धारित्र मिळून एखाद्या हार्मोनिकाशी जुळले, तर त्या हार्मोनिकाचा दाब अनेक पटींनी वाढतो. १०० केव्हीए, ४.५ टक्के इम्पिडन्सच्या रोहित्रावर सुमारे ४५ केव्हीएआर धारित्रे लावली, तर ही जुळणी सातव्या हार्मोनिकाजवळ होते. धारित्र तापून फुगते. उपाय म्हणून धारित्रासोबत ७ टक्क्यांचे रिॲक्टर एकसरीत जोडतात. त्यामुळे त्या शाखेचे अनुस्पंदन १८९ हर्ट्‌झवर, पाचव्या हार्मोनिकाच्या खाली, येते.

मर्यादा : आयएस १३३४० या भारतीय मानकानुसार धारित्राने मान्यांकित प्रवाहाच्या १.३ पट आरएमएस प्रवाह सतत सोसला पाहिजे. पाचवे हार्मोनिक एकटेच १७ टक्क्यांवर गेले, तर ४१५ व्होल्टच्या धारित्राची ही मर्यादा ओलांडली जाते. व्होल्टमीटर मात्र तेव्हाही ४२१ व्होल्टच दाखवतो.