वीतभर पावा आणि बत्तीस इंची बासरी

संतकवितेत 'वेणू', 'मुरली', 'पावा' हे शब्द जागोजागी येतात. जुन्नर-आंबेगावच्या वर्गात ते शिकवताना मात्र मुलांच्या डोळ्यांपुढे जत्रेतली वीतभर बासरीच उभी राहते. त्यात त्यांची चूक नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत मैफलीनेही या वाद्याला फारसे वेगळे स्थान दिले नव्हते.

ते मिळवून दिले पन्नालाल घोष यांनी. बारिसाल येथे १९११ मध्ये जन्मलेले पन्नालाल १९४० मध्ये मुंबईत आले. चरितार्थ चित्रपटसंगीतावर चाले. १९४२ च्या 'बसंत'च्या श्रेयनामावलीत संगीतकार म्हणून त्यांचेच नाव आहे. पण ओढ ख्यालाची. आखूड बासरीचा स्वर उंच. विलंबित आलापीला लागणारे मंद्राचे गांभीर्य तिच्यात येईना. त्यांनी बांबू वाढवत सुमारे बत्तीस इंचांवर नेला. छिद्रांतले अंतर वाढले, बोटे ताणावी लागली. मध्यमाजवळची मींड साधावी म्हणून सातवे छिद्रही पाडले. (चिनी 'दिझी'त एका छिद्रावर पातळ पापुद्रा चिकटवून स्वराला झणक आणतात, इथे शोध गायकीचा होता.)

मला अधिक मोलाचे वाटते ते १९४७ साल. नाव झालेल्या या वादकाने तेव्हा उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांचे शिष्यत्व पत्करले. पुढे १९५६ मध्ये ते आकाशवाणीसाठी दिल्लीला गेले आणि १९६० मध्ये, पन्नाशीच्या आतच, वारले. जावई व शिष्य देवेंद्र मुर्डेश्वर यांनी ती तालीम पुढे चालवली. पुण्याचे पंडित केशव गिंडे याच परंपरेतले.