परसातील पतंगांची नोंद

बेळगावहून खानापूरमार्गे गोव्याकडे निघाले की मच्छे लागते. औद्योगिक वसाहत आणि विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ ही गावाची आजची ओळख. मात्र कण्हेर, एरंड, शेवगा असलेले परस घरामागे असेल, तर माघ-फाल्गुनात तेथेही पतंगांची नोंद घेता येते.

फुलपाखराच्या मिशांची टोके गाठीसारखी असतात. पतंगाच्या मिशा बहुधा दोऱ्यासारख्या वा पिसासारख्या. भारतात पतंगांच्या दहा हजारांहून अधिक जाती आहेत. पावसाळ्यात त्यांची गर्दी उसळते, वसंतारंभी संख्या मोजकी असते. नवख्याला हेच सोयीचे.

साधने घरचीच. भिंतीलगत पांढरी चादर ताणावी, समोर दिवा लावावा. साध्या एलईडीपेक्षा अतिनील प्रकाशाचा दिवा अधिक पतंग ओढतो. चांदणे मात्र आड येते. म्हणून महाशिवरात्र आणि लगतची अमावास्या या रात्री उत्तम, होळीची पौर्णिमा निरुपयोगी. पतंगाला न पकडता छायाचित्र घ्यावे; तारीख, वेळ, ठिकाण, हवामान आणि जवळचे झाड लिहावे. दिव्याखाली टपलेली पाल, घिरट्या घालणारे वटवाघूळ, तारेवरचा पिंगळा यांचीही नोंद करावी. पतंगांवर कोण जगते ते त्यातूनच कळते. काम संपताच दिवा मालवावा, अन्यथा सकाळी पक्षी चादर साफ करतात.

झाडाची नोंद विशेष मोलाची. कण्हेरीच्या पानांवर निळ्या डोळ्यांसारखे ठिपके असलेली जाड हिरवी अळी दिसली, तर पुढे तिचाच हिरवा, वेगवान पतंग होतो. कारवार भागात वनाधिकारी राहिलेले टी. आर. डी. बेल अशाच अळ्या पाळून त्यांचे जीवनक्रम नोंदवीत. स्कॉट यांच्यासह त्यांनी लिहिलेला या कुळावरील ग्रंथ 1937 मध्ये निघाला.

शेतकऱ्याला यात थेट लाभ आहे. पुढच्या पंखावर मूत्रपिंडाच्या आकाराचा काळसर डाग असलेला मळकट पिवळा पतंग घाटेअळीचा असू शकतो. तो दिव्यावर वाढू लागला, की उशिरा पेरलेला हरभरा आणि परसातील टोमॅटो तपासावेत. अंड्यांतून अळ्या काही दिवसांतच निघतात. मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम 2018 मध्ये कर्नाटकातच आढळली. तिचा पतंगही दिव्यावर येतो.

इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे 1933 मध्ये प्रकाशसापळा लावून पतंग मोजण्यास आरंभ झाला. पुढे देशभर पसरलेल्या अशा सापळ्यांच्या नोंदींमुळेच ब्रिटनमधील मोठ्या पतंगांची संख्या 1968 पासूनच्या पन्नास वर्षांत सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे सिद्ध करता आले. एखाद्या रात्री चादर रिकामी राहिली, तर वहीत शून्य लिहावे.