‘फुल बॉडी’ रेड वाइन म्हणजे काय? आणि पनवेलमध्ये ती ‘रूम टेम्परेचर’ला का पिऊ नये?

वाइनच्या बाटलीवर ‘फुल बॉडीड’ असं लिहिलेलं दिसतं. वाइनला कसली आलीये बॉडी? सोपं आहे. कोकमाचं सार आणि घट्ट आमटी यांच्यात जिभेला जो फरक जाणवतो, तोच इथे. तोंडात वाइन किती भारदस्त लागते, त्याला बॉडी म्हणतात. तो भारदस्तपणा मुख्यतः अल्कोहोलमुळे आणि द्राक्षाच्या सालीतून उतरणाऱ्या घटकांमुळे येतो. काळ्या द्राक्षाचा रसही बहुतेक वेळा बिनरंगीच असतो. रेड वाइनचा रंग आणि तिचा तुरटपणा, म्हणजे टॅनिन, सालीतून येतं.

महाराष्ट्रातलं ओळखीचं उदाहरण म्हणजे सुला विनयार्ड्सची ‘रासा शिराझ’. राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून परतले आणि नाशिकजवळच्या कुटुंबाच्या जमिनीवर 1997 मध्ये त्यांनी वाइनची द्राक्षं लावली. कंपनीचं नाव आईच्या, सुलभा यांच्या नावावरून. पहिली वाइन 2000 साली बाजारात आली. शिराझ हे द्राक्ष मूळचं फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यातलं, जाड सालीचं. ‘रासा’ ओकच्या पिंपात मुरवतात, त्यामुळे तिला आणखी वजन येतं.

पण फ्रान्सचं वेळापत्रक नाशिकला चालत नाही. तिकडे तोडणी सप्टेंबरच्या आसपास होते, आणि इथे तेव्हा पाऊस असतो. म्हणून आपल्याकडे वेल वर्षातून दोनदा छाटतात. उन्हाळ्यात खरड छाटणी, पावसाळा सरता सरता फळ छाटणी. मग थंडीत घड पिकतात आणि साधारण जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी होते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच. तिथल्या थंड रात्रींमुळे द्राक्षातला आंबटपणा टिकतो. दमट पनवेलमध्ये अशा रात्री मिळत नाहीत.

आता खरा घोळ. ‘रेड वाइन रूम टेम्परेचरला प्यावी’ हा सल्ला युरोपातल्या गार घरांसाठी होता. शिराझला साधारण 16 ते 18 अंश लागतात. मे महिन्यात पनवेलच्या घरात पारा सहज तिशीच्या वर असतो. एवढ्या उष्णतेत अल्कोहोलचा भपकाच आधी नाकात शिरतो आणि फळाचा वास दबतो. हजाराच्या पुढची बाटली घ्यायची आणि औषधासारखी प्यायची, असला प्रकार.

उपाय फुकट आहे. उघडण्याआधी बाटली काही वेळ फ्रिजमध्ये ठेवा. जास्त गार केली, तर तुरटपणा बोचतो. बाटली महिनोन्‌महिने स्वयंपाकघराच्या माळ्यावर तर अजिबात नको. तिथली उष्णता वाइनची चव मारते. उरलेली वाइन बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा.

आणि हो, महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची अट 21 वर्षं आहे.