ड्रोनॅबिनॉल

ड्रोनॅबिनॉल : गांजातील टीएचसी हे मुख्य मादक द्रव्य प्रयोगशाळेत तयार करून बनवलेले औषध. व्यापारी नाव मॅरिनॉल. एड्समध्ये अन्नावरची वासना उडून वजन घटू लागलेल्या रुग्णांना ते देण्यास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९२ मध्ये मान्यता दिली. त्याआधी, १९८५ पासून, केमोथेरपीत होणाऱ्या व इतर औषधांनी न थांबणाऱ्या उलट्यांवर ते मिळत होतेच.

भांगेने भूक खवळते, हे शास्त्राने सांगण्याआधीच लोकांना ठाऊक होते. टीएचसी मेंदूतील सीबी-१ ग्राहींना चिकटते. भुकेचे नियंत्रण करणाऱ्या भागातही हे ग्राही असतात. सर्वसाधारण मात्रा २·५ मिग्रॅ., दुपारच्या व रात्रीच्या जेवणाआधी. पोटातून घेतलेल्या औषधाचा मोठा भाग यकृतातच खर्ची पडतो. रक्तात जेमतेम १० ते २० टक्के पोचते. गुंगी, चक्कर, भ्रम हे दुष्परिणाम. १३९ रुग्णांवरील चाचणीत भूक सरासरी ३८ टक्क्यांनी वाढली, औषधविरहित गोळी घेणाऱ्यांत ८ टक्के. वजन मात्र वाढले नाही, फक्त टिकून राहिले. मान्यतेचा गाजावाजा ऐकताना हे विसरले जाते.

१९९२ हे वर्षही चमत्कारिक होते. निवडक रुग्णांना गांजा पुरवणारी सरकारी योजना एड्सग्रस्तांचे अर्ज वाढताच मार्चमध्ये नव्या रुग्णांसाठी बंद झाली. सॅन फ्रान्सिस्कोत एड्सच्या रुग्णांना गांजा घातलेल्या ब्राउनी वाटणाऱ्या मेरी रॅथबन या वृद्धेला त्याच उन्हाळ्यात अटक झाली. आणि वर्ष संपता संपता त्याच रेणूच्या कॅप्सूलला भुकेसाठी परवानगी मिळाली.

कायद्याचे बारकावे तर आणखी मजेशीर. टीएचसी पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते तिळाच्या तेलात मिसळून मऊ जिलेटिनच्या गोल कॅप्सूलमध्ये भरतात. तिळाची ॲलर्जी असलेल्याला हे औषध वर्ज्य. अमेरिकेच्या अमली द्रव्यविषयक कायद्यात गांजा सर्वांत कडक अशा पहिल्या अनुसूचीत असताना कॅप्सूल दुसरीत होती. १९९९ मध्ये ती आणखी सैल, तिसऱ्या अनुसूचीत आली. मात्र तेथील नोंदीतच ‘तिळाच्या तेलात, मऊ जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये’ अशी अट आहे. त्यामुळे २०१६ मध्ये मान्यता मिळालेले सिंड्रॉस हे त्याच द्रव्याचे अल्कोहोलयुक्त पातळ औषध २०१७ मध्ये पुन्हा दुसऱ्या अनुसूचीत गेले.