इंग्लंडांतील घरगुती बंब

आपल्याकडील जुन्या घरांच्या न्हाणीघरांतील तांब्याचा बंब ज्यांनीं पाहिला आहे, त्यांना इंग्लंडांतील घरगुती बॉयलर समजून घेण्यास फारसे सायास पडूं नयेत. मध्यें धुराची नळी, खालीं विस्तव, भोंवतालीं पाणी, ही बंबाची रचना. बॉयलरचें मूळ तत्त्वही हेंच. भेद इतकाच कीं, बंबांतील पाणी स्नानापुरतें तापतें, आणि बॉयलरचें पाणी नळ्यांतून घरभर फिरून, खोल्याखोल्यांतील लोखंडी रेडिएटर तापवून, थंड होऊन परत येतें. परंतु बंब विझला तर राख सांचली कीं लांकूड ओलें निघालें, हें घरांतील लहान मूलही सांगूं शकतें. बॉयलर बंद पडला तर चांगला शिकलेला गृहस्थही त्यापुढें हतबुद्ध होऊन उभा राहतो. असें कां व्हावें, याचें उत्तर यंत्रशास्त्रापेक्षां इतिहासांत अधिक सांपडतें. महाराष्ट्रांतील पुष्कळ कुटुंबांचीं मुलेंबाळें आतां त्या थंडींत संसार करीत असल्यामुळें हा विषय आपणांस अगदींच परका राहिलेला नाहीं.

एका जागीं अग्नि ठेवून सारें घर तापविण्याची कला ब्रिटनमध्यें प्रथम रोमन लोकांनीं आणली. जमीन बुटक्या खांबांवर उचलून धरावयाची आणि तिच्याखालच्या पोकळींतून भट्टींतील उष्ण वारा खेळवावयाचा, अशी ती योजना होती. पांचव्या शतकाच्या आरंभीं रोमन सत्ता गेली व तिच्याबरोबर ही कलाही गेली. पुढें चौदाशें वर्षें इंग्रज मनुष्य शेकोटीसमोर बसून पोटाकडून भाजत व पाठीकडून गारठत राहिला, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत वाफेनें इमारती तापविण्याचे प्रयोग होऊं लागले. सर जॉन सोन या नामांकित वास्तुकारानें डलिच येथील चित्रशाळेंत तशी योजना करविली. पण नळ्या गळूं लागल्या, आणि चित्रांच्या सान्निध्यांत गळती म्हणजे काय, हें सांगावयास नकोच. लंडनमधील स्वतःच्या घरींही त्याचे आरंभींचे प्रयोग फसले. अखेर एंजियर मार्च पर्किन्स या यंत्रज्ञाच्या गरम पाण्याच्या योजनेनें त्याचें समाधान झालें. पर्किन्सनें १८३१ सालीं या योजनेचें पेटंट घेतलें होतें. जाड पत्र्याची, पण अरुंद अशी लोखंडी नळी पाण्यानें भरून दोन्ही टोंकांस जोडून बंद करावयाची, तिचा कांहीं भाग भट्टींत वेटोळ्यासारखा ठेवावयाचा, आणि उरलेली घरांतून फिरवावयाची. पाणी कोंडलेलें असल्यामुळें तें भारी दाबाखालीं तापे.

माझ्या मतें गृहस्थाच्या अज्ञानास येथूनच प्रारंभ झाला. बंबांत पाणी किती आहे, हें झांकण काढून पाहतां येतें. बंद नळींतलें पाणी कोणास दिसणार? आजच्या बॉयलरवर दाबाचा कांटा असतो, तो याच कारणामुळें. यंत्र थंड असतांना हा दाब साधारणतः एक ते दीड बार असावा लागतो. कोठें सांधा झिरपून तो फार उतरला, तर यंत्र पेटण्यास साफ नकार देतें. ठराविक तोटी सावकाश उघडून पाणी पुन्हां भरलें, कीं बहुधा तें चालूं लागतें. मात्र दाब वारंवार उतरत असेल तर गळती शोधलीच पाहिजे. रेडिएटर वरून थंड व खालून ऊन लागला, तर आंत हवा अडकली आहे असें समजावें. वरून ऊन व खालून थंड असेल, तर तळाशीं गंजाचा काळा गाळ बसला आहे. हें निदान करण्यास हाताच्या तळव्याखेरीज कांहींच लागत नाहीं.

अग्नि मात्र दिवाणखान्यांतून हलावयास आणखी शंभर वर्षें लागलीं. डिसेंबर १९५२ मध्यें लंडनवर कोळशाच्या धुराचें जें दाट धुकें बसलें, त्यांत हजारों माणसें दगावलीं. १९५६ सालीं स्वच्छ हवेचा कायदा झाला. पुढें १९६५ सालीं उत्तर समुद्राच्या तळाशीं नैसर्गिक वायु सांपडला, आणि १९६७ पासून दहा वर्षांत देशांतील घरोघरच्या चुली व शेगड्या त्या वायूस जुळतील अशा करून घेण्यांत आल्या. बॉयलर सामान्य माणसाच्या घरांत शिरला तो या काळांत.

वायूबरोबर एक नवें भय आलें. ज्योत विझली आणि वायु वाहतच राहिला तर? त्यावरील उपाय मोठा मार्मिक आहे. दोन भिन्न धातूंच्या सांध्यास उष्णता दिली असतां वीज उत्पन्न होते, असें सीबेक या शास्त्रज्ञास १८२१ सालीं आढळलें होतें. जुन्या बॉयलरमधील लहानशी अखंड ज्योत असाच एक सांधा तापवीत असे, आणि तेवढ्या क्षीण विजेच्या बळावर वायूची झडप उघडी राही. ज्योत विझली कीं सांधा निवे व झडप आपोआप मिटे. नंदादीपच म्हणावयाचा तो! सांधा जुना झाला म्हणजे मात्र ज्योत नीट जळत असूनही झडप मिटे. यंत्र बिघडलें असें घरच्यांस वाटे. खरें पाहतां राखणदार म्हातारा झालेला असे.

शेवटचा पालट अधिक कुतूहलाचा आहे. वाफेचें पाणी होतांना सुप्त उष्णता बाहेर पडते, हें जोसेफ ब्लॅक यानें ग्लासगो येथें १७६० च्या सुमारास ओळखलें. वायु जळतांना पाण्याची वाफ होते व ती धुराबरोबर निघून जाते. धूर सुमारें पंचावन्न अंशांखालीं निववला तर त्याच वाफेची उष्णता पदरांत पडते. एप्रिल २००५ पासून इंग्लंड व वेल्समध्यें नवा वायूचा बॉयलर बहुतेक ठिकाणीं याच जातीचा असावा, असा नियम झाला. इंधन वांचलें, यांत शंका नाहीं. परंतु त्या वाफेचें पाणी कोठें तरी जावयास हवें. तें एका बारीक प्लास्टिकच्या नळीनें भिंतीबाहेर सोडण्याची वहिवाट पडली. इंधनाचा हिशोब करतांना या नळीकडे कोणी पुरेसें लक्ष दिलें नाहीं, असेंच म्हणावें लागतें.

डिसेंबर २०१० हा ब्रिटनमध्यें १९१० पासूनच्या राष्ट्रीय नोंदींतील सर्वांत थंड डिसेंबर ठरला. नळींतील पाणी गोठलें, मार्ग बंद झाला, पाणी बॉयलरमध्यें तुंबलें, आणि यंत्रानें आपणच विस्तव मालवला. ज्या रात्रीं उष्णतेवांचून म्हाताऱ्याकोताऱ्यांचे व तान्ह्यांचे हाल व्हावयाचे, नेमक्या त्याच रात्रीं हजारों घरांतील बॉयलर बंद पडले. कारागीर कोठकोठें पुरे पडणार? आणि उपाय तरी केवढा! नळींतून गुळगुळ आवाज येत असेल, तर तिच्या बाहेरच्या भागावर कोमट पाणी ओतावें, उकळतें नव्हे, आणि बर्फ वितळल्यावर यंत्र पुन्हां सुरू करावें.

बॉयलरला गृहस्थानें हातच लावूं नये, असें म्हणणारे पुष्कळ आहेत. मला हें निम्मेंच पटतें. वायूची बाजू त्यानें खरोखरच सोडून द्यावी. ज्योत पिंवळी दिसली, काजळी धरली किंवा वायूचा वास आला, तर यंत्र बंद करून नोंदणी झालेला कारागीरच बोलवावा, कारण अपुऱ्या ज्वलनाच्या विषारी वायूस वासही नसतो. पाण्याची बाजू मात्र घरधन्याची आहे. घड्याळाची वेळ, दाबाचा कांटा, रेडिएटरांतील हवा, बाहेरची नळी, एवढें पाहण्यास परवाना लागत नाहीं.

त्या हिंवाळ्यानंतर बाहेरची नळी अधिक रुंद घ्यावी, तिला उबदार वेष्टन घालावें, शक्य तर ती घरांतल्या घरांतच सांडपाण्यास जोडावी, अशा सूचना निघाल्या. जुन्या घरांच्या भिंतींवर त्या बारीक पांढऱ्या नळ्या अद्यापि दिसतात; हिंवाळा लागला, कीं कोणी कोणी त्यांवर जुनें कांबळें गुंडाळून ठेवतात.