तांबड्या नदीकाठची कंपनी

मित्रहो, आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि गेटसभांत व वाचनालयाच्या बाकावर अधिक झाले. त्यामुळे इतिहास वाचताना राजाचे नाव आम्ही मागाहून पाहतो. घाम कोणाचा आणि नफा कोणाचा, हे आधी पाहतो. आज सांगावयाची कथा रिओ टिंटो या कंपनीची आहे.

स्पेनच्या दक्षिणेस वेल्वा प्रांतात या नावाची नदी आहे. लोह व आम्ल यांमुळे तिचे पाणी तांबडे दिसते. रोमन काळीही तिच्या उगमाजवळ तांबे व चांदी काढीत असत. १८७३ साली कर्जाने गांजलेल्या स्पॅनिश सरकारने या खाणी लंडनच्या ह्यू मॅथेसन याने जमविलेल्या भांडवलदारांस विकल्या. किंमत सुमारे ३७ लाख पौंड. कंपनीने वेल्वा बंदरापर्यंत आगगाडी नेली, धक्का बांधला, आणि थोड्याच वर्षांत ती जगातील मोठ्या तांबे-उत्पादकांत गणली जाऊ लागली.

परंतु तांबे स्वस्त पडण्याचे कारणही पाहिले पाहिजे. गंधकयुक्त खनिजाचे ढीग उघड्यावर महिनोन् महिने जाळीत ठेवीत. त्या धुराने पिके करपत, माणसांचा श्वास कोंडे. धूर फार दाटला की काम बंद होई, आणि त्या दिवशी मजुराला अर्धीच मजुरी मिळे. धूर कंपनीचा, तोटा मात्र मजुराचा!

४ फेब्रुवारी १८८८ रोजी संपावरील खाणकामगार आणि आसपासचे शेतकरी बायकामुलांसह रिओ टिंटो गावच्या चौकात जमले. धुराचे ढीग बंद करा, ही दोघांचीही मागणी होती. सैनिकांनी गोळीबार केला. सरकारी आकडा १३ मृतांचा; लोकांच्या स्मरणातील आकडा शंभरांवर जातो. त्याच महिन्यात सरकारने उघड्यावरील जाळणीस बंदी केली. १८९० मध्ये ती उठलीही!

पुढे १९५४ मध्ये कंपनीने स्पेनमधील खाणींचा दोन-तृतीयांश हिस्सा विकला आणि ते भांडवल घेऊन नवी भूमी शोधली. १९६२ मध्ये कन्सॉलिडेटेड झिंक या कंपनीशी तिचे एकत्रीकरण झाले; त्यामुळे ऑस्ट्रेलियातील लोखंड व बॉक्साइट हाती आले. बूगनव्हिल बेटावरील पांगुना येथे १९७२ पासून तांबे निघू लागले. खाणीचा गाळ नदीत गेला, बेटवासीयांनी बंड केले, १९८९ मध्ये खाण बंद पडली आणि यादवी युद्धात हजारो माणसे दगावली. २००७ मध्ये ३८ अब्ज डॉलरला अल्कन ही कॅनडाची अ‍ॅल्युमिनियम कंपनी विकत घेतली गेली. मे २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातील जूकन घळीत, जेथे ४६ हजार वर्षांच्या मानवी वस्तीच्या खुणा होत्या, ती आश्रयस्थाने लोखंडासाठी सुरुंगाने उडविली. कायद्याची परवानगी खिशात होती. लोकक्षोभ उसळला तेव्हा मुख्य अधिकाऱ्यास पद सोडावे लागले.

या साऱ्यात कंपनीचे खरे बळ कशात? तांब्यात नव्हे, लोखंडातही नव्हे. कंपनी जागा सोडून जाऊ शकते. गाव जाऊ शकत नाही, यात ते बळ आहे. भांडवलाला पाय असतात, विहिरीला नसतात.

आता एक कबुली. पुष्कळ वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या गेटवर शेजारच्या गावचे शेतकरी आमच्याकडे आले होते. विहिरींचे पाणी पिवळे पडले होते. आम्ही म्हणालो, “हा गावाचा प्रश्न, आमच्या मागणीपत्रात बसत नाही.” ते मुकाट्याने परत गेले. आम्हाला त्या वर्षी बोनस मिळाला, आणि आम्ही त्याला विजय म्हटले. १८८८ ची हकीकत आम्ही नंतर वाचली. पन्नाशी ओलांडल्यावर कळले की, स्पेनमधील त्या खाणकामगारांनी मजुरी आणि धूर एकाच मागणीपत्रात लिहिले होते.

म्हणून श्रोतेहो, तुमच्या गावाशेजारी उद्या कोणी खाण किंवा कारखाना काढील, तेव्हा नोकऱ्या किती हे अवश्य विचारा. मात्र त्याच दमात धूर कोठे जाणार हेही विचारा, आणि तो प्रश्न विचारताना कामगार व शेतकरी एकाच बाकावर बसलेले असोत.